मीटिंग कुठं भरते तेवढं तरी छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या आतल्या पानावर छोट्या जाहिरातींचा कॉलम असतो, त्यात बोअरचं पाणी दाखवणारे, वशीकरणवाले आणि त्यांच्या मधोमध "दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत, शंभर टक्के गॅरंटी" ही जाहिरात ठरलेली. तुमच्याच पेपरात असते असं नाही, सगळ्याच पेपरात असते, एसटीत सीटच्या पाठीमागं चिकटवलेली असते, पुलाच्या कठड्यावर रंगवलेली असते. माझं केज तालुक्यात मेडिकल आहे, त्यामुळं ती जाहिरात वाचून पुढं घराघरात काय होतं ते मला काउंटरच्या अलीकडून दिसतं, म्हणून लिहायलोय. मागणी लई छोटी आहे. दारू सोडायला मदत करणाऱ्या फुकट मीटिंगा आपल्या भागात कुठं, कोणत्या वारी, किती वाजता भरतात, याची एक चौकट आठवड्यातून एकदा त्याच पानावर छापा.

एवढ्यासाठी एवढं लांबलचक पत्र कशाला असं वाटेल, पण ही माहिती मिळवायला काय काय करावं लागतं ते कळल्याशिवाय मागणीत दम वाटणार नाही.

माझा एक चुलतभाऊ आहे. नाव, गाव काही लिहीत नाही, का ते पुढं येईलच. पोळ्याच्या करीला आमच्याकडं निम्मं गाव आडवं असतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी हा सकाळीच दुकानात आला आणि म्हणाला, दादा मला सोडायचीय, पण मला कुठं कोंडायला नेऊ नका. त्याच्या पाहण्यातला एक जण असा नेलेला होता आणि परत आल्यावर महिनाभर कुणाशी बोलत नव्हता, ती भीती. आता माणूस स्वतःच्या तोंडानं सोडायचीय म्हणतो ही वेळ घरात रोज येत नाही, आणि आलेली फार वेळ थांबत पण नाही, म्हणून मी तिथंच गुगल उघडलं. वर सगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या पैसे भरून लावलेल्या जाहिराती. पहिल्या नंबरला फोन लावला तर समोरच्यानं नाव गाव विचारायच्या आधी विचारलं, पेशंटचं वजन किती, उचलायला किती पोरं लागतील. मी म्हणलं अहो तो स्वतः यायला तयार आहे, तर म्हणे मग गाडीचं भाडं वाचलं तुमचं. फोन ठेवला तर दिवसभर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन, जसं काय प्लॉट बघायला गेलो होतो.

सगळी केंद्रं अशी नसतात हे पण सांगायला पाहिजे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथं राहून आलेली आणि आज धडधाकट संसार करणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या दुखण्याला पण लागू आहे, मनाविरुद्ध कुणाला ठेवायचं तर त्याला नियम आहेत, डॉक्टरची तपासणी लागते, केंद्राची नोंदणी लागते, पोरं पाठवून उचलून न्यायचं त्यात कुठं बसत नाही. पण चांगल्या केंद्रातून आलेल्या माणसाचं पण पुढं काय होतं? महिना दीड महिना तिथं नीट राहतो, मग एसटी स्टँडवर उतरतो, तोच पार, तीच टोळी, तोच धाबा, आणि विचारपूस करायला माणूस शेकडो किलोमीटर लांब. त्याला गावाजवळ दर आठवड्याला जाऊन बसायला जागा पाहिजे, आणि तीच कुणाला माहीत नसते.

मी विचारलं नाही असं ठिकाण नाही. आरोग्य केंद्रात विचारलं, आशाताईंना विचारलं, पंचायत समितीत विचारलं, पोलीस ठाण्यात ओळखीच्या हवालदाराला विचारलं तर तो हसून म्हणाला, सोडायच्या मीटिंगा माहीत नाहीत, बसायच्या सगळ्या माहीत आहेत. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो, तिथल्या बाई नीट बोलल्या, पण त्यांच्याकडं उपचार केंद्रांची यादी होती, मीटिंगांची नव्हती. शेवटी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, त्यांच्या वेबसाईटवरून एक मोबाईल नंबर मिळाला. उचलला तर मागं पिठाच्या गिरणीचा आवाज, काही ऐकू येईना, तो म्हणाला थांबा, आणि त्यानं गिरणी बंद केली. दळणाला रांग असताना गिरणी बंद करणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला. मी सगळं सांगायला लागलो, भाऊ असा आहे, घरी असं आहे, तर त्यानं मधेच थांबवलं. पिणारा जवळ आहे का? मग त्याच्याकडं द्या फोन. दोघं बराच वेळ बोलले, मी गिऱ्हाईक बघत होतो, काय बोलले ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं पण नाही.

नंतर त्या गिरणीवाल्यानंच मला या सगळ्याचं मूळ सांगितलं, ते इथं लिहितो कारण ते माझ्या मागणीशी अगदी चिकटून आहे. १९३५ चा मे महिना, अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावात बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला गेला होता, काम फसलं, हा नुकताच दारू सोडलेला, हॉटेलच्या लॉबीत उभा आणि बाजूच्या बारमधून गप्पांचा आवाज. बारमध्ये जावं का, अशी अवस्था. तिथं भिंतीवर गावातल्या चर्चची यादी नंबरासकट लावलेली होती. त्यानं त्या यादीवरून फोन लावला, मला एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोलायचंय म्हणून. एकानं दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि त्यातून बॉब नावाचे एक सर्जन भेटले, ते पण दारूत बुडालेले. त्या डॉक्टरांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, तीच ए.ए. ची स्थापनेची तारीख धरतात. म्हणजे भिंतीवर यादी लावलेली होती म्हणून हे सगळं झालं बघा. आपल्या एसटी स्टँडवर क्लासेसचे फ्लेक्स आहेत, मूळव्याधवाले आहेत, आमदार साहेबांच्या वाढदिवसाचे तर आहेतच, ही यादी तेवढी नाही.

मीटिंगला मी सोबत गेलो. ओपन मीटिंग होती म्हणून मला बसता आलं, क्लोज असली की फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांनाच बसता येतं, हे आधी फोनवर विचारून घ्यावं. एका शाळेचा वर्ग, बहुतेक चौथीचा, कारण फळ्यावर भागाकार तसाच होता आणि बाक एवढे बुटके की मोठाल्या माणसांचे गुडघे छातीला. कोण कोण होतं ते लिहिणार नाही, तिथली गोष्ट तिथंच ठेवायची असते. सुरुवातीला एकानं वाचून दाखवलं की इथं मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट आहे, फी नाही, वर्गणी नाही, कुठल्या जातीधर्माशी, पक्षाशी, संस्थेशी संबंध नाही. मग एकेक जण, मी अमुक, मी अल्कोहोलिक, एवढं म्हणून आपलं आपलं बोलायचा. मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असंल तर मधे कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडं चार माणसं बसली आणि एक जण अडचण सांगायला लागला की तिघं वकील होतात, दोघं डॉक्टर होतात, इथं एक माणूस खाली बघून सांगतोय की लेकीच्या फीचे पैसे कसे गेले, आणि बाकीचे नुसते ऐकायलेत, च्च पण नाही. आमच्या भावानं नाव सांगितलं, पुढं काही सुधरलं नाही, खाली बसला. सगळे त्याला नमस्कार म्हणाले आणि पुढचा बोलायला लागला, बस एवढंच.

मग एक पिशवी फिरली. ज्याला जमंल त्यानं दहा वीस टाकायचे, भाडं आणि चहाचं निघायला. मी बाहेरचा माणूस, बरं वाटलं म्हणून पाचशेची नोट काढली तर शेजारच्यानं माझा हातच धरला. तुमचे चालत नाहीत म्हणे, तुम्ही पिणाऱ्यातले नाहीत. आख्ख्या मराठवाड्यात वर्गणी नको म्हणणारं हे एकच मंडळ असावं. निघताना भावाच्या हातात एका कागदावर चार पाच फोन नंबर लिहून दिले, प्यावंसं वाटलं की प्यायच्या आधी यातला कुणाला पण लाव, रात्री दोनला लाव. आयुष्यभराची शपथ कुणी घ्यायला लावली नाही. आजचे चोवीस तास, उद्याचं उद्या.

आता हे काम एवढं साधं, तर दिसत का नाही? एक तर त्यांच्या नियमातच आहे की जाहिरातबाजी करायची नाही, लोकांनी बघून यावं. बाहेरच्या देणग्या घेत नाहीत म्हणून कुठल्या पुढाऱ्याचा फोटो लागत नाही, शाल श्रीफळ नाही, व्यासपीठ नाही, आणि आपल्याकडं ज्याला बॅनर नाही तो कार्यक्रम झालाच नाही असं असतं. पेपर, रेडिओ, सिनेमा यात मेंबरनं स्वतःचं नाव द्यायचं नाही हा तर त्यांचा लेखी नियम आहे. मी मेंबर नाही, पण माझं नाव छापलं तर आमच्या गावात भाऊ कोणता हे पाच मिनिटात निघंल, म्हणून माझं पण नाव छापू नका. पण मीटिंगची जागा आणि वेळ सांगायला त्यांची काही हरकत नसते, मी विचारलंय. ते आपणहून पेपरच्या ऑफिसात येणार नाहीत एवढंच. आणि त्यांनी सोडलेली जागा मग पुडीवाल्यानं धरली.

त्या पुडीचं सांगतो. एक ताई आल्या, पर्समधून तीन पुड्या काढल्या, जाहिरातीवरून पार्सल मागवलेलं, त्यावर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना आत काय आहे ते. साडेतीन हजार दिलेले. भाजीत टाका म्हणून सांगितलेलं, आणि त्या मला विचारायल्या की वांग्याच्या भाजीत टाकली तर चालंल का, त्यांना तीच आवडती. मी काय सांगणार, मलाच माहीत नाही आत काय आहे ते. डायसल्फिराम म्हणून खरी गोळी असते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, ती चालू असताना दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडायला लागते, उलट्या, बीपी खाली येतं, हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावर पण दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. म्हणून ती पिणाऱ्याला सांगून, त्याची तयारी असेल तरच द्यायची असते. नकळत भाजीत टाकायची ती गोष्टच नव्हे. चिठ्ठीशिवाय मी देत नाही म्हणून माझ्याशी भांडून गेलेल्या बाया आहेत, त्यांचा राग मला समजतो.

याच्या उलटं पण चालू असतं. रोज सकाळपासून पिणाऱ्याला घरचे एकदम बंद करतात, खोलीत कोंडून, वरून कडी लावून. हात कापायला लागतात, घाम सुटतो, पहिल्या एक दोन दिवसात फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात. मग बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवत बसतात आणि तो इकडं मरणाच्या दारात. रोजची भरपूर असेल तर आधी डॉक्टर. आमच्या बाजूला अंबाजोगाईचं स्वाराती सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तसंच लातूर, नांदेडला आहे, संभाजीनगरला घाटी दवाखाना आहे, मानसोपचार विभागात दाखवायचं, आठ दहा दिवसांच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन बी वन यात ते सुखरूप निघून जातं. आमच्या भावाला गिरणीवाल्यानंच आधी तिकडं पाठवलं, मीटिंग नंतर. मीटिंग काही औषधाच्या जागी नाही, ते पण तसं म्हणत नाहीत. औषध सुरुवातीला शरीर सांभाळतं आणि पुढची वर्षं त्या बाकावर काढायची असतात. नुसतं माझं म्हणणं नाही, २०२० साली कोक्रेन नावाच्या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं एकत्र बघितली, तेव्हा ए.ए. आणि त्याला जोडून दिलेला उपचार हा दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांच्या मागं नव्हता, थोडा पुढंच निघाला.

माळकरी मंडळींनी राग मानू नये. तुळशीची माळ घालून दारू सोडलेली कितीतरी माणसं आपल्या भागात आहेत, सप्ताहात टाळ घेऊन उभी असतात, त्यांना माझा दंडवत. पण ज्याच्याकडून माळ घातल्यावर चुकून घेतली गेली तो परत कीर्तनाला तोंड दाखवत नाही, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त पितो. मीटिंगला एक जण पिऊन घसरून परत आला होता, त्याला जागा करून दिली, चहा दिला, कुणी काही विचारलं नाही.

आता अडचण मुख्य ती एसटीची. मीटिंग जिल्ह्याच्या गावी, संध्याकाळी सात ते साडेआठ. तोवर आमच्याकडची शेवटची गाडी निघून गेलेली. म्हणून मोटारसायकलवर जायचं, आणि कारखाने चालू झाले की अंधारात पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या, ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्याला दोन्ही बाजूनं झगमगणारे परमिट रूम. दारू सोडायला निघालेल्या माणसाला एवढ्या दिव्यांतून न्यायचं. तालुक्याला आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक मीटिंग भरली तर खेड्यातला माणूस बाजाराच्या नावाखाली येऊन बसून जाईल, घरी सांगायची पण गरज नाही, पाचच्या गाडीनं परत. याला कुणाची मंजुरी लागत नाही. दोघं तिघं जण दारू सोडण्यासाठी जमले की तो ग्रुप झाला असं त्यांचं धरलेलं आहे. लागते फक्त एक खोली, आणि ती पण फुकट नको, भाडं देतात ते. वाचनालय असंल, शाळा असंल, ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांनी नाही म्हणू नये. ऊसतोडीच्या टोळीवाल्यांचं अजून वेगळं, दिवाळीला गाव रिकामं होतं ते पाडव्याला भरतं, त्यांना कारखान्याच्या तळावरून मोबाईलवर मीटिंगला बसता येतं, झूमवर मराठी मीटिंगा चालतात, पण लिंक कुठं मिळते हे तरी कुणी सांगायला पाहिजे ना.

घरच्या बायकांचं पण यात धरा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल अनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, १९५१ पासूनचं काम आहे ते. आमच्या भावजयीला हे कळलं तेव्हा तिनं पहिलं विचारलं, म्हणजे तो नाही आला तरी मी जाऊ शकते? जाऊ शकते. आडवी बाटलीसाठी बाया उन्हात मोर्चा काढतात, तुम्ही फोटोसह छापता, चांगलं करता, दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावात जाऊन पिणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते मात्र त्या बातमीच्या खाली नसतं. २०१९ ला सामाजिक न्याय मंत्रालयाचा आणि एम्सचा देशभराचा सर्व्हे आला होता, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं कशीबशी एकाला काही उपचार मिळाल्याचं निघालं होतं. बाकीचे ३७ कुठं आहेत ते मला माहीत आहे, त्यांच्या घरची माणसं माझ्या काउंटरवर येतात.

तर चौकटीत काय छापायचं ते पण सांगतो, तुम्हाला त्रास नको. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या मीटिंगची जागा, वार, वेळ, ओपन का क्लोज, अल अनॉनची असली तर तसं, सोबत १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेली मानस १४४१६. बाजारभावाच्या शेजारी जागा असली तर उत्तम, ते पान आमच्याकडं सगळे वाचतात, पिणारे पण. जागा आणि वेळा बदलत राहतात म्हणून छापायच्या आधी फोन करून खात्री करावी लागते, ते काम मी आणि आमच्या इथले अजून दोन मेडिकलवाले महिन्याच्या महिन्याला करून तुम्हाला व्हॉट्सॲपला पाठवू, पैसे नकोत. तीच यादी आम्ही तिघं आपापल्या काउंटरवर चिकटवणार आहोत, ती तुमच्या होकारासाठी थांबलेली नाही, पहिली प्रत या पत्रासोबत जोडलीय. आणि पुडीवाल्याची जाहिरात बंद करा असं म्हणायची इच्छा लई आहे, पण ती पैसे भरून येते आणि ही फुकट, तेव्हा निदान दोन्ही एकाच पानावर येऊ द्या.

आपला,
एक मेडिकलवाला
ता. केज, जि. बीड
(नाव व पत्ता फक्त तुमच्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिलाय)